सोन्याच्या गणपतीआधी तांब्याचा पत्रा: बोर्ली पंचतनच्या परिसरात काय पाहावे

एसटीच्या पाटीवर ‘बोर्ली पंचतन’ हे नाव वाचणाऱ्या बहुतेक प्रवाशांना बोर्लीस उतरायचे नसते. त्यांना दिवेआगरचा समुद्र हवा असतो, श्रीवर्धन हवे असते, नाहीतर दिघीच्या जेट्टीवरून जंजिरा गाठायचा असतो. माणगाव, म्हसळा करीत गाडी घाट उतरते, बोर्लीच्या बाजारात थांबते, आणि पर्यटक खिडकीतूनच विचारतो, “अजून किती लांब?” इतिहासाच्या दृष्टीने हा प्रश्न जरा गमतीचा आहे. ज्या प्रदेशाचा इतिहास पाहायला तो निघालेला असतो, त्या प्रदेशाच्या मध्यावर तो त्या क्षणी उभा असतो.

हा धागा त्या परिसराविषयी आहे, आणि एका मताविषयी. मत असे: या किनाऱ्यावरील प्रेक्षणीय स्थळांचा प्रचलित क्रम उलटा आहे. जलदुर्ग पहिला, सोन्याचा गणपती दुसरा, समुद्रकिनारा तिसरा, आणि वेळ उरला तर ‘एखादे जुने देऊळ’ हा क्रम छायाचित्रांनी ठरवलेला आहे. ज्याने येथील लेख वाचले आहेत, त्याचा क्रम तांब्यापासून सुरू होईल. सोने बरेच मागे जाईल आणि तोफा त्याहूनही मागे.

प्रथम नावाचा खुलासा. रायगड जिल्ह्यात दोन बोर्ली प्रसिद्ध आहेत. एक मुरूड तालुक्यातील बोर्ली मांडला, दुसरी श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन. टपाल आणि एसटी या दोघांनाही हा फरक सांभाळावा लागतो. बोर्ली पंचतन स्वतः समुद्राला अगदी टेकलेली नाही; ती आसपासच्या गावांची पेठ आहे. दिवेआगर, वेळास, आदगाव, दिघी या बाजूच्या लोकांना औषध, कापड, शाळा, बँक, लग्नाची खरेदी या सर्वांसाठी बोर्लीची वाट धरावी लागते. (येथील वेळास आणि नाना फडणीसांच्या भानू घराण्याचे वेळास ही गावे वेगळी. दुसरे बाणकोटच्या खाडीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. समाजमाध्यमांवर या दोहोंची सरमिसळ इतक्या वेळा होते की एकदा स्पष्ट लिहिलेले बरे.)

पेठेचे गाव पाहण्यासारखे नसते, असा एक समज आहे. बोर्लीत राजवाडा नाही, बुरूज नाही. आहे तो बाजार: जांभ्या चिऱ्यांची आणि कौलांची काही जुनी घरे, त्यांच्या शेजारी आखातातील कमाईवर उभी राहिलेली नवी घरे, देवळाची घंटा आणि मशिदीची बांग एकाच रस्त्यावर ऐकू येणारी वस्ती, आणि कोकणी मुसलमानांच्या व कुणबी-आगरी-माळ्यांच्या बोलीतले सारखेच हेलकावे. या बाजारात बसून पाहिले तर या किनाऱ्याचा खरा स्वभाव ध्यानी येतो. तो लढाईचा नाही, व्यवहाराचा आहे. हा स्वभाव किती जुना आहे, याचा पुरावा बोर्लीपासून फार दूर नाही.

दिवेआगर हे नाव दोन शब्दांचे. त्यातील ‘आगर’ म्हणजे किनाऱ्यालगतची नारळ-पोफळीची बागायत. अकराव्या शतकात या गावी दोन ताम्रपट घडले, आणि पुढे ते उजेडात आले. पहिला शके ९७५ चा, म्हणजे इसवी सन १०५३ चा. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाच्या काळातला. दुसरा शके ९८२ चा, इसवी सन १०६० चा. दुसऱ्याचे वैशिष्ट्य त्याच्या भाषेत आहे. तो मराठीत आहे.

हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखे आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची मानली जाते, म्हणजे इसवी सन १२९० ची. तिच्या सुमारे दोनशे तीस वर्षे आधी, पोफळींच्या या गावात कोणीतरी तांब्याच्या पत्र्यावर मराठी कोरत होते. मराठीतील आजवर सापडलेल्या ताम्रपटांत याचा मान फार वरचा आहे. शंकर गोपाळ तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या ग्रंथात जे लेख एकत्र केले, त्यांच्या आरंभीच्या लेखांत दिवेआगरचे स्थान आहे.

योगायोग असा की शके ९८२ हे वर्ष कोकणच्या इतिहासात आणखी एका ठिकाणी कोरलेले आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख त्याच शकाचा, त्याच मुम्मुणीच्या काळातला. तो संस्कृतात आहे. शिल्पांनी मढलेल्या राजमंदिरावर संस्कृत आणि समुद्रकाठच्या गावातल्या पत्र्यावर मराठी, हे दोन्ही एकाच वर्षी. तेव्हाचा समाज कोणती भाषा कुठे वापरत होता, हे यापेक्षा सोप्या रीतीने दाखवणारी जोडी शोधूनही सापडणार नाही. देवळाची कीर्ती सांगायची तर संस्कृत. गावातल्या माणसांची नावे आणि व्यवहार नोंदवायचा तर लोकांना कळणारी बोली. शके ९८२ च्या या पत्र्यात ‘घैसास’ हा शब्द भेटतो. आज कोकणातील कोणाही शाळेच्या हजेरीपटात सापडू शकेल असे हे नाव साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या तांब्यावर वाचताना अंगावर काटा आला नाही, तर त्या इतिहासप्रेमीने स्वतःची नाडी तपासावी.

तांबेच का, हा प्रश्न तरुण वाचक हमखास विचारतात. ताडपत्र कोकणच्या दमट हवेत टिकत नाही. वाळवी, बुरशी आणि पाऊस मिळून ते काही पिढ्यांत संपवतात. शिळा टिकते, पण ती उघड्यावर उभी राहते; ती सर्वांसाठी असते. ताम्रपट ज्याच्या हक्काचा असतो त्याच्या घरी राहतो. त्याला भोक पाडून कडी घालता येते, कडीवर मुद्रा ठोकता येते, धामधुमीत तो पुरून ठेवता येतो आणि शंभर वर्षांनी वाद उभा राहिला तर बाहेर काढून दाखवता येतो. थोडक्यात, ताम्रपट म्हणजे त्या काळचा सात-बारा, खरेदीखत आणि न्यायालयातील पुरावा. म्हणूनच ताम्रपट बहुधा नांगराला, कुदळीला किंवा घराच्या पायाला लागतात. कोणीतरी ते जपण्यासाठी पुरलेले असतात आणि परत काढायला ते आलेले नसते.

मराठीचा आद्य लेख कोणता, या वादात दिवेआगरचे नाव मागे पडते, आणि ते काहीसे अन्यायाचे आहे. शाळेत श्रवणबेळगोळ शिकवले जाते. अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा वाचला गेल्यावर तो मान अलिबागजवळच्या त्या गावाकडे आला. अक्षीचा तो दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात होता, आणि त्याच्या संवर्धनाचे काम अगदी अलीकडे झाले. ‘पहिला’ ठरण्याची ही शर्यत वृत्तपत्रांना आवडते. पण इतिहासाला केवळ पहिला लेख नको असतो. भाषा कोणत्या कामांना वापरली जात होती ते हवे असते. अक्षी आणि दिवेआगर ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात, एकाच किनाऱ्यावर आणि पन्नास वर्षांच्या अंतरात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा राज्यभर सोहळे झाले. त्या आनंदात या किनाऱ्याचा वाटा फार मोठा आहे, आणि तो इथल्या पर्यटनाच्या जाहिरातींत जवळजवळ दिसत नाही.

जाहिरातींत जे दिसते ते सोने.

१७ नोव्हेंबर १९९७, संकष्टी चतुर्थी. दिवेआगरच्या एका पोफळीच्या वाडीत खणताना जमिनीखाली तांब्याची पेटी लागली. पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने होते. मुखवट्याचे वजन किलोभराहून अधिक. कोणी, केव्हा आणि कोणाच्या भीतीने तो पुरला, याची कथा त्या पेटीबरोबर आली नाही. गावाने तो गणपतीच्या देवळात ठेवला आणि दिवेआगरचे नशीब पालटले. एकेकाळी सुपारी आणि नारळ यांवर जगणाऱ्या गावात घरगुती खानावळी निघाल्या, माडीवर खोल्या चढल्या, आठवड्याच्या अखेरीस मोटारींची रांग लागू लागली. मोदकांच्या ताटापासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत सारे त्या मुखवट्याभोवती फिरू लागले. याला नाक मुरडण्याचे कारण नाही. देवाच्या निमित्ताने गावाला रोजगार मिळणे ही कोकणात नवी गोष्ट नाही, आणि शेतीच्या तुकड्यांवर जगणाऱ्या घरांना तो हवाच होता.

पुढे २३ मार्च २०१२ च्या रात्रीनंतर जे घडले ते मात्र याच धाग्याच्या मुळाशी आहे. दरोडेखोर देवळात शिरले, मुखवटा गेला आणि देवळाची राखण करणारे दोघे जण मारले गेले. तपासात सोने सापडले, पण वितळवलेल्या स्वरूपात. २०१७ साली अलिबागच्या विशेष न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावल्या. त्यांत काही जन्मठेपेच्या होत्या. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकीला, नवा मुखवटा देवळात आला. गावाच्या श्रद्धेच्या दृष्टीने देव परत आला, आणि तो हिशेब गावाचा आहे. बाहेरच्याने त्यात बोलू नये. इतिहासाच्या दृष्टीने मात्र १९९७ साली जमिनीतून वर आलेली वस्तू आता जगात नाही. तिचे धातू आहे, ती नाही. घडणाऱ्याच्या हातोडीच्या खुणा, जोडाची पद्धत, सोन्याचा कस, कान आणि सोंडेची ठेवण, म्हणजे ज्यावरून तिचे वय आणि तिचा कारागीर यांविषयी काही बोलता आले असते, ते सारे मुशीत गेले.

यातून जो निष्कर्ष निघतो तो कडवट आहे. सोने जपले जात नाही; सोने वितळवले जाते. चोरासाठी त्याची किंमत त्याच्या आकारात नसते, वजनात असते. ताम्रपट चोरून वितळवला तर भांड्याच्या दुकानात त्याचे काय येईल? तो वाचणाऱ्याखेरीज कोणाच्याही उपयोगाचा नाही, आणि त्यातच त्याचे संरक्षण आहे. शिवाय ताम्रपटाचे वाचन छापले गेले की त्याचा अर्धा जीव ग्रंथात सुरक्षित होतो. मुखवट्याचे छापता येण्यासारखे जे होते, त्याचा सविस्तर अभ्यास चौदा वर्षांत लोकांपर्यंत पोहोचला नाही. आपण रांगा लावल्या, नवस बोललो, छायाचित्रे काढली. वस्तू वाचली नाही. ही टीका गावावर नाही. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक जुन्या देवळाबाबत तीच स्थिती आहे.

आता दगडाकडे. त्याच दिवेआगरात रूपनारायणाचे देऊळ आहे, आणि जवळच सुंदरनारायणाचे. रूपनारायण म्हणजे विष्णूची शिलाहारकालीन उभी मूर्ती. काळ्या पाषाणातील या मूर्तीभोवतीच्या प्रभावळीत दशावतार कोरलेले आहेत. गर्दीच्या दिवशीही येथे बहुधा शांतता असते, कारण सोन्याची रांग दुसरीकडे असते. ही मूर्ती घाईने पाहण्याची नाही. आधी संपूर्ण मूर्ती नजरेत भरू द्यावी. मग प्रभावळीवर एका बाजूने दृष्टी चढवत न्यावी आणि दुसऱ्या बाजूने उतरवावी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. हातभर दगडात दहा कथा मावतात, आणि तरीही मधल्या विष्णूच्या शांत चेहऱ्यावर त्यांची गर्दी होत नाही. शिल्पकाराचे नाव नाही. ताम्रपटात गावकऱ्यांची नावे आहेत, मूर्तीवर कारागिराचे नाही. त्या काळचा समाज कोणाचे नाव लिहून ठेवण्याजोगे मानत होता, तेही यातून कळते.

येथून पुढे कालक्रमाने आणखी मागे जायचे तर राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाकडे, मांदाडजवळच्या कुडा लेण्यांकडे जावे लागते. ती बोर्लीच्या अंगणात नाहीत; तळा तालुक्याच्या बाजूला आहेत, आणि वाट वळणाची आहे. पण बोर्लीच्या बाजाराचा जो स्वभाव वर सांगितला, त्याचा सर्वांत जुना दाखला तिथे आहे. सव्वीस बौद्ध लेणी, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतली. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतील मंदगोरा हे बंदर म्हणजे हेच मांदाड, असे काही अभ्यासक मानतात. त्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत दान देणारे कोण आहेत? महाभोज घराण्यातील मंडळी आहेतच. पण त्यांच्याबरोबर एक वैद्य आहे, फुले विकणारा माळी आहे, आणि कराडहून आलेल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. देशावरचा लोखंडाचा व्यापारी सह्याद्री उतरून खाडीकाठच्या डोंगरात दगड कोरून घेतो, आणि आपला धंदा लेखात लिहवून ठेवतो. आज कराडकडून येणारा मालट्रक ज्या हेतूने कोकणात उतरतो, त्याहून त्याचा हेतू फार वेगळा नसावा.

तेव्हा या किनाऱ्याच्या इतिहासाचा धागा असा दिसतो: कुड्याचा माळी, वैद्य आणि लोखंडविक्या, दिवेआगरच्या पत्र्यावरचा घैसास, आणि बोर्लीच्या बाजारातला दुकानदार. मध्ये राजे बदलले. पेठ हलली असेल, बंदरे गाळाने भरली असतील, पण लिहून ठेवणारी, देणारी-घेणारी माणसे हलली नाहीत.

राजांविषयीही बोलायला हवे, कारण इतिहासाच्या धाग्यावर जंजिऱ्याचे नाव आले नाही तर वाचक तक्रार करतात. मराठी कागदपत्रांत या मुलखाचे नाव ‘हबसाण’ असे येते, हबशांचा मुलूख म्हणून. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. दख्खनच्या सुलतानांच्या चाकरीतून ते किनाऱ्यावर आले आणि जंजिऱ्याच्या आधाराने टिकले. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास किल्ल्यास वेढा घातला, १७३३ मध्ये बाजीरावाने मोहीम काढली, १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने सिद्दी सात यास ठार केले. एवढे सगळे झाले आणि जंजिरा उभाच राहिला. हा भाग सर्वांना पाठ असतो. ज्याची चर्चा कमी होते तो भाग असा की या मोहिमांच्या अलीकडे-पलीकडे येथील रयतेने हबसाणात अनेक पिढ्या काढल्या. सुपारी विकली, सारा भरला, देवळे आणि मशिदी बांधल्या, १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत. त्या काळाकडे केवळ ‘शत्रूचे राज्य’ म्हणून पाहणारा तरुण बोर्लीच्या इतिहासातील शतके वगळतो, आणि मग त्याला बोर्लीत पाहण्यासारखे काहीच सापडत नाही. नवल नाही.

श्रीवर्धन हे या गुंत्याचे उत्तम उदाहरण. पेशव्यांचे मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ भट यांच्या घराण्याकडे तेथील देशमुखी होती. सिद्दीशी बिनसल्यावर घराणे देशावर आले आणि १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे, पुतळा आहे, आणि गल्ल्यांच्या आत लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. पर्यटक पुतळ्यासमोर छायाचित्र घेतो आणि निघतो. त्याने तेवढा एक विचार करून निघावे: १७५८ मध्ये या घराण्याच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, आणि घराण्याचे मूळ गाव पुढे जंजिरा संस्थानाच्या मुलखातच राहिले. साम्राज्य म्हणजे नकाशावर सारखा पसरलेला रंग, ही समजूत श्रीवर्धनच्या एका गल्लीत मोडते.

वाटेत शेखाडी लागते. डाव्या-उजव्या हाताला डोंगर आणि समुद्र अशी ती सुंदर वाट आहे. मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटांसाठीचे आरडीएक्स याच किनाऱ्यावर उतरले होते. वृत्तपत्रांनी या तालुक्याची ठळक आठवण काढली ती १९९३, २०१२ आणि २०२० मध्ये: तस्करी, दरोडा आणि वादळ.

वादळाचा उल्लेख ओझरता करून चालणार नाही, कारण या परिसरातले सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित वारसास्थळ त्यात कोसळले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आले. घरांची छपरे गेली, विजेचे खांब वाकले, हे सर्वांनी पाहिले. वाड्या आडव्या झाल्या, हे वाडीवाल्यांनी पाहिले.

वाडीला वारसास्थळ म्हणणे काहींना अतिशयोक्ती वाटेल. पण वाडी म्हणजे झाडांचा समूह नव्हे. ती पिढ्यांनी बसवलेली रचना आहे. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढवलेली मिरवेल, सावलीत जायफळ, कडेला केळी. भोवती जांभ्याचा गडगा. विहिरीवर पूर्वी बैलाने फिरणारा रहाट असे. त्याचे पाणी मुख्य पाटात, पाटातून आळ्यांत, आणि उतार इतका मोजका की पाणी शेवटच्या पोफळीपाशी पोहोचावे पण माती वाहून जाऊ नये. आता रहाटाच्या जागी पंप आला, तरी पाट बहुधा तेच आहेत. सुपारी उतरवणारा एका पोफळीवर चढतो आणि काम झाले की खाली न येता झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जातो. वाडी दाट आणि ओळीत असेल तरच हे शक्य आहे. श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी यातून येते. तिच्यासाठी श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. पोफळीला पहिले पीक यायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे जून २०२० मध्ये आडव्या झालेल्या वाडीत त्याच पावसात रोप लावले असले, तरी त्याचे उत्पन्न २०२६-२७ च्या आधी हाती येत नाही. या मधल्या वर्षांत अनेकांपुढे एक सोपा पर्याय असतो: मोकळी झालेली जागा विकावी किंवा तिच्यावर खोल्या बांधाव्या.

तो निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला दोष देणे सोपे आणि अप्रामाणिक आहे. मुंबईत बसून वाड्यांच्या नावाने हळहळणाऱ्याने आधी एक गणित करावे: सहा वर्षे उत्पन्न न देणारी जमीन कोण राखू शकतो? तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. १९९७ चा मुखवटा वाडीतच सापडला. दिवेआगरच्या नावात आगर आहे. ताम्रपटांच्या काळात या गावाला ब्राह्मण, व्यापारी आणि राजे यांचे लक्ष लाभले ते याच बागायतीच्या बळावर असावे, कारण दुसरे उत्पन्न येथे काय होते? आगर संपले तर उरलेल्या साऱ्या वस्तूंना संग्रहालयातल्या वस्तूंसारखे आपले ठिकाण उरणार नाही. जमिनीखाली अजून काय पुरलेले आहे, हेही कोणास ठाऊक नाही. कुदळीने चार बोटे खणणारा वाडीवाला आणि पाया खोदणारे यंत्र यांत मोठा फरक आहे. कुदळ थांबते. यंत्र थांबत नाही.

मग करावे काय? मोठ्या संग्रहालयाची मागणी लगेच पुढे येईल; अशा मागण्या कोनशिलेपर्यंत जातात आणि तेथेच राहतात. त्याहून लहान आणि आजच्या आज होण्यासारखी गोष्ट आहे. शके ९८२ च्या ताम्रपटाची एक हुबेहूब प्रतिकृती, त्याखाली मूळ वाचन आणि शेजारी आजच्या मराठीत अर्थ, एवढे बोर्लीच्या बाजारात लावावे. दिवेआगरला नव्हे, बोर्लीला. कारण पर्यटक दिवेआगरला जातो, पण पंचक्रोशीतले शाळकरी मूल रोज बोर्लीला येते. प्रतिकृतीला राखणदार लागत नाही, आणि तिच्यासाठी कोणाचा जीव जाण्याची भीती नाही. ती चोरीला गेली तर दुसरी करता येते. हजेरीपटात घैसास आडनाव असलेल्या एखाद्या मुलाने ती पाटी वाचली, आणि त्याच्याच वर्गातल्या कोकणी मुसलमान मुलीने त्यातला एखादा शब्द ‘हा तर आमची आजी बोलते’ असे म्हणत ओळखला, तर त्या भाषेच्या अभ्यासाला एक नवी जागा मिळेल.

जाणाऱ्यांसाठी क्रम असा सुचवता येईल. सकाळी बोर्लीत उतरावे, चहा घ्यावा, बाजार पायी फिरावा. मग दिवेआगरला आधी रूपनारायण, सुंदरनारायण. नंतर कोणाची परवानगी मिळाली तर एखादी वाडी, आणि पाट कुठून कुठे जातो ते विचारून घ्यावे. सांगणारा आनंदाने सांगतो. गणपतीच्या देवळात रांग लावताना २०१२ मध्ये मारल्या गेलेल्या त्या दोन राखणदारांची आठवण ठेवावी. श्रीवर्धनला दुपार द्यावी. कुड्यासाठी वेगळा दिवस ठेवावा, आणि ब्राह्मी येत नसेल तर लेखांची छापील वाचने बरोबर न्यावी. जंजिरा शेवटी. दिघीहून आगरदांड्याकडे जाणारी फेरीबोट राजपुरीची खाडी ओलांडते तेव्हा जंजिऱ्याच्या तटाची रेघ समुद्रावर दिसते, आणि बोटीवरचे सगळे एकदम मोबाईल काढतात. तोवर कुड्याच्या माळ्याचे आणि घैसासाचे नाव ठाऊक असलेला प्रवासी तटाकडे पाहून झाल्यावर मान वळवून खाडीच्या आतल्या अंगालाही पाहतो, जिकडे मांदाड आहे.